जहाज थांबत नाही : पहिल्या कौटुंबिक क्रूझचे नियोजन

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतील एका शनिवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, मुंबईच्या बॅलार्ड पिअर येथील प्रवेशद्वारावरून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "अण्णा, जहाज समोर दिसतंय, पण आत सोडत नाहीत." त्या वेळी मी त्याच जहाजाच्या वरच्या डेकवर, आईच्या व्हीलचेअरशेजारी उभा होतो. जहाज सुटण्यास एक तास दहा मिनिटे अवकाश होता. परंतु प्रवाशांनी चढण्याची मुदत साडेतीन वाजताच संपली होती. मी स्वागतकक्षात जाऊन विनंत्या केल्या, आईचे वय सांगितले, भावाची लहान मुले धक्क्यावर उभी आहेत असेही सांगितले. उत्तर सौजन्याचे होते, पण ते 'नाही' असेच होते. साडेपाच वाजता दोर सुटले. दहा जणांच्या आमच्या कुटुंबातील सहा जण जहाजावर होते आणि चार जण धक्क्यावर राहिले.

आईने एवढेच विचारले, "आपण उतरूया का रे?" तोपर्यंत उतरण्याचीही वेळ निघून गेली होती.

या प्रवासाचे संपूर्ण नियोजन माझ्याकडे होते. छत्तीस वर्षे बँकेत काढलेला मनुष्य म्हणून घरच्यांनी ते विश्वासाने माझ्या हाती दिले होते. अलीकडे आपल्या समाजातील अनेक कुटुंबे मुलांच्या सुट्टीत किंवा आईवडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबई-गोवा क्रूझचा विचार करतात आणि चौकशीसाठी माझ्याकडे येतात. त्यांना जहाजावरील सोयींची माहिती आधीच असते. मी त्यांना जमिनीवरच्या प्रवासाविषयीच सांगतो, कारण आमची सफर बिघडली ती समुद्रात नव्हे, खंडाळ्याच्या घाटात.

हिशेब कोठे चुकला

आम्ही सांगलीचे. भावाची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. जानेवारीत नव्या हळदीची आवक नुकतीच सुरू झाली होती. शुक्रवारचे सौदे सोडून येणे त्याला शक्य नव्हते. म्हणून आम्ही सहा जण गुरुवारी रात्रीच्या रेल्वेने मुंबईस गेलो आणि तो शनिवारी पहाटे पाच वाजता मोटारीने निघेल असे ठरले. सांगली ते मुंबई हे अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. वाटेतील थांबे धरून सात तास. म्हणजे दुपारी बारा वाजता तो धक्क्यावर पोहोचेल आणि हाताशी साडेतीन तास उरतील, असा माझा हिशेब होता. त्या दिवशी घाटात एक मालट्रक उलटला आणि वाहनांची रांग चार तासांहून अधिक काळ जागची हलली नाही.

दोष ट्रकचा नव्हता. घाटात ट्रक उलटणे ही काही अघटित गोष्ट नाही. बँकेत मालाच्या तारणावर कर्ज देताना आम्ही मालाची पूर्ण किंमत कधी धरत नसू, साधारण २५ टक्के मार्जिन बाजूला ठेवत असू. भाव पडणारच असे गृहीत धरून नव्हे, तर तो पडला तरी व्यवहार तगावा म्हणून. परक्याच्या मालाला लावलेला हा नियम स्वतःच्या घरच्या प्रवासाला लावण्यास मी विसरलो. रेल्वे चुकली तर पुढची रेल्वे असते, विमान चुकले तर दुसऱ्या दिवशीचे तिकीट काढता येते. क्रूझ चुकली की सफर संपली आणि बहुतेक वेळा भाडेही बुडाले. जेथे चुकीला दुरुस्ती नाही, तेथे मार्जिन तासांचे नव्हे, एका पूर्ण दिवसाचे हवे.

जहाज इतके ताठर का, हेही समजून घ्यावे. सुटण्यापूर्वी प्रवाशांची अंतिम यादी निश्चित होऊन बंदर व सुरक्षा यंत्रणांकडे जाते. बंदरातून जहाज बाहेर काढणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली असते. शिवाय प्रवाशांना आपत्कालीन कवायत द्यावी लागते. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. म्हणून तिकिटावरील सुटण्याची वेळ घरात कोणालाही सांगू नये. सर्वांना फक्त चढण्याची शेवटची वेळ सांगावी.

उलटे मोजत यावे

नियोजन घरून धक्क्याकडे नव्हे, तर धक्क्यापासून घराकडे उलटे मोजत करावे. चढण्याची मुदत साडेतीनची असेल तर धक्क्यावर एक वाजता पोहोचावे. मुंबईतील मुक्कामावरून साडेअकराला निघावे. मुंबईत आदल्या दिवशी सकाळी किंवा दुपारी दाखल व्हावे. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. क्रूझचे तिकीट मात्र सहा-सहा महिने आधी काढले जाते. त्यामुळे रेल्वे आरक्षण खुले होण्याची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी.

कोल्हापूर, मिरज, सांगली परिसरातील कुटुंबांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची आहे. ती रात्रीचा प्रवास करून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तेथून बॅलार्ड पिअर जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. परंतु त्याच सकाळी पोहोचून त्याच दिवशी जहाजावर चढण्याचा मोह टाळावा. आदल्या रात्रीचा मुक्काम भुलेश्वर, सी. पी. टँक परिसरात ठेवावा. तेथे आपल्या समाजाच्या धर्मशाळा आहेत, सूर्यास्तापूर्वी शुद्ध जेवण मिळते आणि धक्का फार दूर नाही. ज्येष्ठांना एक रात्र नीट झोप मिळते, हा लाभ वेगळाच. विमानाने येणाऱ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून विमानतळ ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशी थेट भुयारी मेट्रो उपलब्ध आहे. सामान कमी असेल तर तिचा जरूर विचार करावा.

स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांनी ती तीन-चार दिवस कोठे ठेवणार, हे घरूनच ठरवून निघावे. धक्क्याजवळ जागा मिळेल या भरवशावर राहू नये. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतील अनेक रस्ते बंद असतात. आपली तारीख त्या दिवशी येत नाही ना, एवढे पाहावे.

आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या लोकांना नेहमी गोंधळात टाकते. मुंबईत 'बोटीचा धक्का' म्हटले की टॅक्सीवाल्याच्या मनात तीन ठिकाणे येऊ शकतात. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरी व मांडव्याच्या लाँच सुटतात. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस, मोरा येथील लाँच आणि मांडव्याची रो-रो सेवा चालते. पूर्वी गोव्याला जाणारी कोकण बोटही तेथूनच सुटत असे, त्यामुळे जुनी माणसे आजही तोच धक्का सांगतात. क्रूझ मात्र बॅलार्ड पिअर येथील क्रूझ टर्मिनलवरून सुटते. टॅक्सीत बसताना हे नाव स्पष्ट सांगावे आणि कुटुंब दोन-तीन गाड्यांत विभागले असेल तर प्रत्येक गाडीतील एकाजवळ ते लिहून द्यावे.

कागद आणि सामान

देशांतर्गत सफरीस पारपत्र लागत नाही, परंतु प्रत्येकाचे छायाचित्रासह मूळ ओळखपत्र लागते. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव अक्षरशः एकच असावे. आपल्याकडे लग्नानंतर सुनेचे नाव घरात एक, आधार कार्डावर दुसरे असे असते. हा फरक धक्क्यावर नव्हे, आरक्षण करतानाच मिटवावा. लहान मुलांच्या ओळखीसाठी कोणता कागद चालेल, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. सर्व कागदांच्या प्रती दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडे ठेवाव्यात. घरातील कोणी गर्भवती असेल तर आधी विचारणे अत्यावश्यक आहे. २४ आठवड्यांनंतर बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवासास घेत नाहीत.

मोठ्या पिशव्या धक्क्यावरच घेतल्या जातात आणि काही तासांनी केबिनच्या दारात येतात. म्हणून औषधे, चष्मा, कागदपत्रे, मुलांचा एक कपड्यांचा जोड आणि पूजेची छोटी पिशवी हातातच ठेवावी. इस्त्री, विजेची किटली, शेगडी यांना आगीच्या भयाने मनाई असते. घरचे खाद्यपदार्थ नेण्याविषयीचे नियम प्रत्येक कंपनीचे निराळे आहेत. सीलबंद खाकरा चालेल, पण घरी केलेले डबे अडवले जातील, असेही घडते. हे ई-मेलने विचारून उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी.

भोजन आणि सूर्यास्त

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर जैन भोजन मिळणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. प्रश्न पदार्थांचा नसून वेळेचा आहे. जानेवारीत मुंबई-गोवा किनाऱ्यावर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि जहाजावरील रात्रीची पंगत सहसा त्यानंतरच सुरू होते. त्यातून पहिल्या दिवशी चढणे, कवायत, केबिन शोधणे यांत सायंकाळ कधी सरते ते कळत नाही. आमच्या आईचा चौविहार असल्यामुळे मी आरक्षणाच्या वेळीच साडेपाच वाजता भोजन मिळावे असे लिहून दिले होते, प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा कळवले होते आणि चढताच भोजनगृहाच्या प्रमुखांना भेटलो होतो. माझ्या नियोजनातील जी थोडी अंगे त्या दिवशी बिनचूक चालली, त्यांपैकी हे एक. आईने मात्र त्या सायंकाळी चार घास खाऊन ताट सारले.

सकाळचाही विचार करावा. त्या दिवसांत सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. नवकारसी करणाऱ्यांची न्याहारी त्यानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे आठच्या सुमारास. गोव्यातील सहली मात्र लवकर निघतात. अशा वेळी थोडी उशिराची सहल निवडणे शहाणपणाचे.

समुद्र लागण्यावर लोक आल्याचा तुकडा चघळण्यास सांगतात. ओले आले आपल्यातील अनेकांना वर्ज्य असले तरी सुंठ पुष्कळांना चालते. तिची पूड जवळ ठेवावी. ज्यांना त्रास अधिक होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी न्यावी आणि केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्यावी. तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. केबिन लिफ्टपासून फार दूर नाही ना, तेही नकाशावर पाहावे. व्हीलचेअर लागणार असेल तर ती आधी नोंदवावी. चढण्याचा उतरंडीचा पूल ज्येष्ठांना वाटतो त्यापेक्षा लांब असतो.

दुकानाची व्यवस्था

व्यापारी कुटुंबाने हा भाग विशेष काळजीने वाचावा. किनाऱ्यापासून काही अंतरावर गेले की भ्रमणध्वनीचे जाळे संपते. जहाजावर वाय-फाय विकत मिळते, परंतु साध्या संदेशाने येणारा ओटीपी समुद्रात मिळेलच असे नाही. फोन विमान-स्थितीत ठेवणे इष्ट, नाही तर जहाजावरील उपग्रह जाळ्याचे रोमिंग सुरू होऊन मोठे बिल येऊ शकते. म्हणून ज्या फोनवर बँकेचे व जीएसटीचे ओटीपी येतात, तो फोन कोणाच्या हाती राहील हे निघण्यापूर्वी ठरवावे. घरातील सर्व सही करणारे एकाच जहाजावर चढणार असतील तर हा विचार दुप्पट महत्त्वाचा.

मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख सफरीच्या दिवसांत येऊ देऊ नये. आली तर विवरणपत्र आधीच भरून टाकावे. दिलेल्या धनादेशांची यादी करावी. ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश त्याच दिवशी वटवण्याची पद्धत सुरू झाली आहे. "उद्या भरू, परवा वटेल" हा जुना हिशेब आता चालत नाही आणि समुद्रातून खात्यात पैसे भरता येत नाहीत.

या सर्वांहून मोठा प्रश्न तारखेचा. भावाला शुक्रवारचे सौदे सोडता येत नव्हते, हे मला तिकीट काढतानाच ठाऊक होते. सवलतीचे भाडे त्या तारखेला होते म्हणून मी ती तारीख घेतली. वाचलेली रक्कम त्याच्या चार तिकिटांच्या तुलनेत नगण्य होती. आधी दुकानाचा हंगाम पाहावा, मग मुलांच्या परीक्षा, मग भाडे. आम्ही क्रम उलटा लावला.

गोव्याचा एक दिवस

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. तेथून पणजी सुमारे ३० किलोमीटरवर आहे. उतरताना परत येण्याची वेळ सांगितली जाते. ती सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते आणि येथेही जहाज कोणासाठी थांबत नाही. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीस उशीर झाला तर सहसा वाट पाहिली जाते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांची नाही. पहिल्या सफरीत एकच ठिकाण निवडावे आणि मुदतीच्या दीड तास आधी बंदरात परत यावे.

काही कुटुंबे एकेरी तिकीट काढून गोव्याहून अन्य मार्गाने परततात. सांगली-मिरजकडील लोकांसाठी वास्को-द-गामाहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगावमार्गे मिरजेस येते आणि वास्को स्थानक बंदराच्या जवळच आहे. विमानाने परतणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळाचे नाव पाहावे. दाबोळी बंदराजवळ आहे, तर मोपा उत्तर गोव्याच्या टोकाला, दोन तासांच्या वाटेवर. येथेही जहाज लागण्याच्या आणि विमान सुटण्याच्या वेळेत भरपूर अंतर ठेवावे.

परदेशी क्रूझ आणि पैशांचा हिशेब

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचीही अनेकांना हौस असते. तेथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पारपत्राची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक असावी. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा तेथेच येते, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करावी आणि वाटेतील प्रत्येक बंदराच्या देशाचा नियम स्वतंत्रपणे तपासावा. परदेशी सहलीच्या रकमेवर विक्रेता टीसीएस गोळा करतो. त्याचा दर बदलत असतो, पण ही रक्कम बुडीत नाही. ती फॉर्म २६एएसमध्ये दिसते आणि विवरणपत्र भरताना करात वळती करता येते.

भाड्याचा आकडा वाचताना त्यात बंदर शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क आणि किनाऱ्यावरील सहली धरल्या आहेत का, ते विचारावे. जहाजावर रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर खर्च चढत जातो. मुलांच्या कार्डाला मर्यादा घालून घ्यावी आणि शेवटच्या रात्रीच बिल तपासावे. सकाळी उतरण्याच्या गर्दीत चूक दाखवणे अवघड जाते. प्रवास विमा घेताना एकच प्रश्न विचारावा : रस्त्यातील खोळंब्यामुळे जहाज चुकले तर भरपाई मिळेल का? उत्तर लेखी घ्यावे.

दोन छायाचित्रे

त्या सायंकाळी भावाने धक्क्यावरून पुन्हा फोन केला होता. "अण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आईला समुद्र दाखवा." गोव्याला येऊन चढता येईल का, असेही त्याने विचारून पाहिले. यादीतून नाव कमी झाल्यामुळे ते शक्य नव्हते. रात्रभर मोटार चालवून तो सांगलीस परतला आणि रविवारी मुलांना घेऊन सागरेश्वर अभयारण्यात गेला.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तारीख भावाने ठरवली. सगळे जण एक दिवस आधी मुंबईत होतो आणि धक्क्यावर आमच्या पुढे जेमतेम पाच-सहा कुटुंबे होती. सारे व्यवस्थित पार पडले. आईला मात्र डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली नाही.

घरात आता दोन्ही सफरींची छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली आहेत. एकात आई आहे, भाऊ नाही. दुसऱ्यात भाऊ आहे, आई नाही. दोन्हींचे तिकिटाचे पैसे मी हिशेबात लिहिले आहेत. एका दिवसाच्या मुक्कामाचा जो खर्च मी पहिल्या वेळी वाचवला, तो कोठे लिहावा हे मला अजून उमगलेले नाही. वाचकांनी तो खर्च पहिल्याच सफरीत आनंदाने करावा आणि घरातील सर्वांनी मिळून एकाच वेळी जहाजावर पाऊल ठेवावे, एवढ्यासाठीच हे लिहिले.